पाय टेकेल एवढी उंची

सिमेंटचा रस्ता आणि त्याच्या कडेचा मुरूम यांच्यात चार बोटांचा फरक असतो. नागपूरच्या दक्षिणेला, मनीषनगर ओलांडून बेसा-पिपळ्याकडे आलात की तो जागोजाग दिसतो. खालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि कडेचा भराव दरसाल थोडा थोडा बसत जातो. चारचाकीवाल्याला त्याचं काही नाही. स्कूटरवाली कडेला थांबते, मुरुमावर पाय टेकवते, फोन उचलते. पण ज्याच्याखाली उंच ॲडव्हेंचर मोटरसायकल आहे आणि ज्याची स्वतःची उंची सव्वापाच फूट आहे, त्याला ही चार बोटं विहिरीसारखी वाटतात. डावा पाय खाली जातो, जमीन सापडत नाही आणि दोन क्विंटलची गाडी सावकाश, विचार करत असल्यासारखी, त्या बाजूला कलते. थोडी कलली असेल तोवर सावरता येते. त्यापुढे पैलवानालाही नाही. मी बेशात असा दोनदा पडलो आहे आणि दोन्ही वेळा गाडीचा वेग शून्य होता.

गाडी होती हिमालयन ४५०. वजन १९६ किलो, सीटची उंची जमिनीपासून ८२५ मिलिमीटर. हिरोच्या एक्सपल्स २००ची सीटही तेवढ्यातच बसते, आणि तिच्या प्रो आवृत्तीची तर ८९१ मिलिमीटर. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास आहे, पुरुषाची १६५च्या. माणसाचा आतला पाय, म्हणजे टाचेपासून मांड्यांच्या सांध्यापर्यंतचं अंतर, उंचीच्या साधारण ४५ ते ४७ टक्के भरतं. १६५ सेंटीमीटरच्या पुरुषाचे पाय झाले ७४ ते ७८ सेंटीमीटर आणि सीट आहे साडेब्याऐंशीवर. म्हणजे अडचण एकट्यादुकट्या बुटक्याची नाही, निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकांची आहे.

एवढी उंच गाडी करतातच कशाला? सीट हा इमारतीचा शेवटचा मजला आहे. तळाला २१ इंची पुढचं चाक. त्यावर चाकाची वरखाली होण्याची मुभा, तिला ट्रॅव्हल म्हणतात. हिमालयनमध्ये ती दोन्ही चाकांना २०० मिलिमीटर आहे. पोटाखालून दगड सुटावा म्हणून २३० मिलिमीटरची मोकळीक, त्यावर इंजिन, त्यावर फ्रेम, आणि मग कुठे आपण. पांदण रस्त्यावर गाडी सहज चालावी असं वाटत असेल तर तळमजला उंच हवा, आणि तळमजला उंच झाला की गच्चीही उंच होणार.

दख्खनच्या घोडदळाने हे कोडं वाहनाच्या बाजूनेच सोडवलं होतं. भीमथडीचं तट्टू ठेंगणं, काटक, डोंगरउतारावर पक्क्या पायाचं. स्वाराला चढाउतरायला सोपं. वाळवंटात उंट खाली बसून स्वाराला घेतो. मोटरसायकल बसत नाही. (बसणाऱ्याही आता निघाल्या आहेत, त्या पुढे येतील.)

उंची नसलेल्या स्वारांचा आद्यपुरुष म्हणून मी गास्तों राहियेचं नाव घेईन. हा बेल्जियमचा गडी साडेपाच फूटही नव्हता. १९७५, ७६ आणि ७७ अशी सलग तीन वर्षं तो १२५ सीसी मोटोक्रॉसचा जगज्जेता होता, पण त्या गाड्या हलक्या. पुढे बीएमडब्ल्यूने त्याला पॅरिस-डाकार शर्यतीसाठी भल्यामोठ्या टाकीची, दोन्ही बाजूंनी सिलिंडर बाहेर आलेली बॉक्सर गाडी दिली. तिच्यावर बसून त्याचे पाय जमिनीला लागतच नसत. तो गाडीच्या बाजूला उभा राहायचा, गिअर टाकून क्लच सोडायचा आणि चालू लागलेल्या गाडीवर उडी मारून बसायचा. १९८४ आणि १९८५ अशा दोन्ही डाकार त्याने जिंकल्या. तेव्हा पाय टेकले नाहीत म्हणून गाडी चालत नाही असं नाही. अवघड असतं ते थांबणं.

आता कामाचं. पहिली पायरी गॅरेजमध्ये नाही, घरच्या भिंतीशी आहे. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, दोन पायांमध्ये जाडसं पुस्तक वर दाबून धरायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंत मोजायचं. माझं भरलं ७३ सेंटीमीटर. हा आकडा हातात नसताना मेकॅनिककडे गेलात तर तो त्याच्या अंदाजाने कापतो.

आणि पहिली सुरी लागते ती सीटला. बेशातल्या एका सीटवाल्याकडे मी तासभर स्टुलावर बसून हे काम पाहिलं. त्याने कव्हरच्या पिना पेचकसाने एकेक उचकल्या, रेक्झिन सोललं, आतून पिवळट फोमचा ठोकळा निघाला. त्यावर त्याने खडूने दोन रेघा मारल्या. मला वाटलं वरून आडवा थर उडवणार. त्याने आधी पुढच्या नाकाचे खांदे कापले. हॅक्सॉच्या ब्लेडने, पाव उभा चिरावा तसे, मग ग्राइंडरवर पॉलिश पेपरची चकती लावून गोलावा दिला. कारण पाय सीटवरून सरळ खाली जात नाही. सीटच्या रुंदीला वळसा घालून जातो. नाक अरुंद केलं की वळसा कमी होतो आणि उंची तीच राहून पाय लांब झाल्यासारखे वाटतात. वरून त्याने जेमतेम पाऊण इंच काढला. आणखी काढा म्हणालो तर म्हणाला, "भाऊ, अजून काढला तर रामटेकपर्यंत जासान, वापस याले त्रास होईन." खरं आहे. फोम पातळ झाला की खालचा प्लॅस्टिकचा पत्रा तासाभराने हाडाला सांगू लागतो की मी आहे. हिमालयनला कंपनीची बुटकी सीटही मिळते, तिने उंची ८०५वर येते. कापाकापीआधी ती बसवून पाहावी, कारण कापलेला फोम परत उगवत नाही.

दुसरी गोष्ट फुकट आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगवर दात्यांची चकती असते, ती सी-पान्याने फिरवून प्रीलोड कमीजास्त करतात. बसल्यावर गाडी किती खाली दबते ते यावर ठरतं, त्या दबण्याला सॅग म्हणतात. स्वार बसल्यावर एकूण ट्रॅव्हलच्या सुमारे तीस टक्के दबली पाहिजे. २०० मिलिमीटरमध्ये साधारण ६०. गंमत इथे आहे. उंचीने कमी माणूस बहुधा वजनानेही कमी असतो. कंपनीने स्प्रिंग भरली आहे अंगाने भरलेल्या माणसासाठी, मागे सामान आणि सोबतीण धरून. पंचावन्न किलोची मुलगी बसली की गाडी दबतच नाही. म्हणजे तीच गाडी बुटक्यासाठी आणखी उंच होते! प्रीलोड सैल केला की हा अन्याय बराच भरून निघतो. मात्र प्रीलोडने स्प्रिंग मऊ होत नाही, फक्त गाडी बसण्याची जागा बदलते. ६०च्या जागी ८० दबू दिली तर खड्ड्यासाठी राखलेली मुभा तितकीच घटते. खरी मऊ स्प्रिंग हवी असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते.

यापुढे यंत्राच्या पोटात शिरावं लागतं, आणि मला स्वतःला हा सगळ्यात नवलाचा भाग वाटतो. मागचं चाक ज्या लांब हातावर असतं त्याला आपले मेकॅनिक चिमटा म्हणतात. शॉकअप चिमट्याच्या मुळाशी जोडलेला, चाक दूर टोकाला. पहारीचं गणित. चाक २०० मिलिमीटर वर येतं तेव्हा शॉकअपची दांडी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास सरकते. उलट वाचा: शॉकअपच्या तोंडाशी एक सेंटीमीटर बदललं की चाकाशी अडीच-तीन सेंटीमीटर बदलतात. हिमालयनमध्ये या दोघांच्या मध्ये जोडपट्ट्यांची यंत्रणा आहे; त्या पट्ट्या दोन्ही टोकांना फुगीर, कुत्र्याच्या हाडासारख्या, म्हणून नाव डॉगबोन. या पट्ट्या काढून किंचित लांब पट्ट्या लावल्या की दोन क्विंटलचं धूड इंच-सव्वा इंच खाली बसतं. खिशात मावतील असे लोखंडाचे दोन तुकडे!

पण लांब पट्टी लावल्यावर शॉकअपची चाल कमी होत नाही. चाक पूर्वीइतकंच हलतं, फक्त आधीपेक्षा वर घुसतं. मोठ्या खड्ड्यात टायर मडगार्डला घासण्याची भीती तिथे आहे. दुसरा मार्ग म्हणजे शॉकअप उघडून आत बुश घालायचा, म्हणजे दांडी पूर्ण बाहेर येत नाही. तिथे चाक वर आपल्याच जागी थांबतं, पण ट्रॅव्हल जातो. ज्या गाड्यांत जोडपट्ट्या नाहीत, शॉकअप थेट चिमट्याला लावलेला आहे, तिथे हाच मार्ग उरतो, नाहीतर आखूड शॉकअप. लेथवाल्याकडून साध्या पट्टीला भोकं पाडून डॉगबोन करून घेणारे मी पाहिले आहेत. दोन भोकांमधलं अंतर दोन्ही पट्ट्यांत तंतोतंत सारखं नसेल तर भार एकीवर जातो. ब्रेकच्या खालोखाल जिच्यावर जीव टांगलेला आहे अशा वस्तूत काटकसर करू नये.

शिवाय मागून ३० मिलिमीटर उतरवलं म्हणजे सीट ३० उतरते असं नाही. सीट दोन चाकांच्या मध्ये आहे, मागच्या चाकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर. तिला मिळतात जेमतेम २०. पुढचा भाग तसाच राहतो, गाडी नाक वर करून उभी राहते. हिमालयनच्या दोन चाकांमधलं अंतर १५१० मिलिमीटर. त्यावर ३० मिलिमीटरचा उतार म्हणजे एका अंशाहून थोडा जास्त. एवढ्याने काय होतं? ऑफिसच्या खुर्चीचं चाक आठवा. खुर्ची ढकलली की ते वळून मागे जातं आणि सरळ धावतं, कारण जमिनीला टेकायची त्याची जागा दांड्याच्या मागे असते. मोटरसायकलच्या पुढच्या चाकातही असंच अंतर असतं, त्याला ट्रेल म्हणतात. एका अंशाने तो अंदाजे ८ मिलिमीटर वाढतो, आणि हँडल जड, आळशी होतं. चौकात गाडी हळू वळवताना, म्हणजे नेमकं जिथे आपण पडतो तिथेच. म्हणून पुढूनही उतरवायचं. हँडलच्या टीचे बोल्ट सैल करून फोर्कच्या नळ्या वर सरकवतात, दोन्ही बाजूंना पट्टीने मोजून सारख्या. त्यालाही हद्द आहे. फोर्क पूर्ण दबल्यावर मडगार्ड कुठे धडकतंय का, हँडल वळवताना ब्रेकची नळी ताणते का, हे पाहिल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. चेनही नव्याने लावायची: पुढचं चक्र, चिमट्याची खीळ आणि मागचा ॲक्सल एका रेषेत असताना चेन सर्वांत ताठ असते, ढिलाई त्या स्थितीत तपासायची.

आणि शेवटी साइड स्टँड, ज्याची आठवण सगळं बसवून झाल्यावर होते. गाडी इंचभर खाली आली, स्टँड तेवढंच राहिलं, तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या झोताने उजवीकडे आडवी होते. स्टँड कापून पुन्हा वेल्ड करावं लागतं. फार कापलं तर गाडी जास्त कलते, आणि नागपूरचं ऊन ४५ अंशांच्या पुढे गेलं की डांबर मऊ पडून स्टँडचा पाय आत रुततो. आमच्याकडे मे महिन्यात अनुभवी माणसाच्या टूलबॉक्समध्ये लाकडाची फळकुटी असते ती यासाठी.

कायद्याचा एक मुद्दा उडवून लावू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेविरुद्ध वाहनात बदल करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला शिक्षेचीही तरतूद आहे. सीटचा फोम ही एक गोष्ट, फ्रेमशी जोडलेले भाग बदलणं ही दुसरी. वॉरंटी आणि विम्याचं विचारून घ्यावं, तेही लेखी.

खरी कमाल मात्र कापण्यात नाही, मुळात आखण्यात आहे, आणि तिचा नमुना महाराष्ट्रातच आहे. बजाजच्या चाकण कारखान्यात बनणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हा तिची सीट ८५५ मिलिमीटरवर होती. शोरूममध्ये बसून, पंजे ताणून, उतरून जाणारे पुष्कळ होते. २०२३ मध्ये कंपनीनेच तिची 'व्ही' ही उतरवलेली आवृत्ती काढली, सीट ८३०. इंचभर फरकासाठी वेगळी गाडी! २०२५ मध्ये गाडी पूर्ण नव्याने आखली गेली. ट्रॅव्हल वाढून पुढे २०० आणि मागे २०५ मिलिमीटर झाला, पुढचं चाक २१ इंची झालं, आणि सीट तरी ८३०वरच राहिली. तळमजला उंचावला आणि गच्ची तिथेच ठेवली. गॅरेजमधला बुश आणि आखणीच्या मेजावरची पेन्सिल यांत एवढं अंतर आहे.

आणि बसणारा उंट. हार्ली-डेव्हिडसनने २०२१ मध्ये पॅन अमेरिकासाठी अशी यंत्रणा दिली की गाडी थांबायला आली की संगणक प्रीलोड सोडतो, गाडी आपोआप खाली बसते, निघाली की पुन्हा उठते. बीएमडब्ल्यूची आर १३०० जीएस अशीच ८५० मिलिमीटरवरून ८२०वर येते.

तीन सेंटीमीटर. बेशाच्या सिमेंट रस्त्याची कड मी मोजली, ती सात भरली. माझ्या गाडीत मी कापलेली सीट आणि सैल केलेला प्रीलोड एवढंच ठेवलं आहे, डॉगबोन जुनेच. थांबायचं झालं तर कडेपासून हातभर आत थांबतो, गिअर आधीच न्यूट्रल करतो, पुढचा ब्रेक दाबून बूड सीटवरून उजवीकडे सरकवतो आणि उजवा पाय सिमेंटवर टेकवतो. डावा फूटरेस्टवरच राहतो. मागचे हॉर्न वाजवतात.