मातीची भिंत, कवेलूचे छप्पर

वैनगंगेच्या खोऱ्यातला बालाघाट जिल्हा भाताचा आणि भरपूर पावसाचा. तिथले जुने शेतकरी घर या दोहोंतूनच घडले. जोत्यावर माती आणि तणस तुडवून केलेल्या गाऱ्याचे थर चढतात. एक वाळल्याशिवाय दुसरा घालत नाहीत. भिंत जाड, म्हणून मे महिन्यातही आत गारवा. समोर सपरी म्हणजे ओसरी, मागे बाडी म्हणजे परसबाग.

खरे कसब छपरात. कुंभार चाकावर निमुळती नळी काढून ती उभी चिरतो, की दोन कवेलू, म्हणजे कौले, होतात. लाकूड-बांबूच्या सांगाड्यावर एक ओळ उताणी, तिच्या सांध्यावर दुसरी पालथी. पाणी उताण्या पन्हळीतून निथळते. माकडे कवेलू सरकवतात, म्हणून मृगापूर्वी छप्पर फेरावेच लागते. फुटके तेवढे बदलतात, बाकीचे पुन्हा वर चढतात.