मुंबई-पुण्याला चाललात? हे कार्ड ठेवा खिशात!

इंटरव्ह्यू मुंबईत, परीक्षा पुण्यात. अमरावती-अकोल्याच्या पोरापोरींची ही धावपळ नेहमीचीच. मग दरवेळी मेट्रोच्या तिकिटासाठी रांगेत कशाला थांबता? २०१९मध्ये सुरू झालेलं ‘एनसीएमसी’ हे प्रीपेड कार्ड दोन्ही शहरांच्या मेट्रोत चालतं. तुमच्या रूपे डेबिट कार्डवरच ते चिन्ह असेल, तर बँकेत विचारून सुविधा सुरू करून घ्या.

पण चार गोष्टी ध्यानात ठेवा. मोबाइलवरून भरलेले पैसे लगेच कार्डाच्या चिपमध्ये येतीलच असं नाही. स्टेशनवरच्या काउंटरवर बॅलन्स अपडेट करून घ्या, नाहीतर गेट उघडणार नाही. एका कार्डावर एकच माणूस. दोस्तासाठी तेच पुन्हा टेकवू नका. उतरल्यावर बाहेरच्या गेटवरही कार्ड टेकवायचंच. आणि लोकलचं तिकीट वेगळं काढा, भाऊ!

चिपमध्ये २,००० रुपयांपर्यंत ठेवता येतात, पण पिन लागत नाही. कार्ड हरवलं की चिपमधले पैसेही गेलेच समजा. दोन दिवसांपुरतेच भरा. घरून आलेले बाकीचे पैसे खात्यातच बरे.