मान गावाचा, अब्रू माणसाची

मराठीत प्रतिष्ठेसाठी शब्द पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जात असले, तरी प्रत्येकाचा हिशेब निराळा आहे. ‘पत’ हा पेढीवरचा शब्द आहे. ज्याला उधार मिळते त्याला पत असते. ‘अब्रू’ फारसीतून आली असून तिच्यात पाणी, म्हणजे तेज, आणि चेहरा अशी दोन पदे आहेत. चेहऱ्यावरचे तेज उतरले की अब्रू गेली, आणि मग तिचे ‘खोबरे’ झाले असे मराठी माणूस म्हणतो, मग तो नारळाच्या मुलखातला असो वा नसो. ‘नाव’ बारशाला ठेवले जाते, पण अनेकवचनी झाले की तीच क्रिया निंदेची होते. कुणाला नावे ठेवणे आणि कुणाचे नाव ठेवणे यांत एका मात्रेचेच अंतर आहे. ‘मान’ मात्र या सर्वांहून वेगळा आहे, कारण तो मोजता येतो, वाटता येतो आणि वारशानेही मिळतो.

रत्नागिरी जिल्ह्यात हे शिमग्यात सर्वांत स्पष्ट दिसते. फाल्गुनात ग्रामदेवतेची पालखी देवळाबाहेर पडते आणि वाडीवाडीतून घरोघर जाते, तेव्हा होम कोणी पेटवायचा, गाऱ्हाणे, म्हणजे गावाच्या वतीने देवाला घालायचे साकडे, कोणी घालायचे, पालखीला पहिला खांदा कोणाचा आणि नारळ प्रथम कोणाच्या हातात पडायचा, हे सारे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. ज्या घराण्याकडे असा हक्क असतो ते मानकरी. येथे मान ही केवळ आदराची भावना नसून क्रम, वस्तू आणि जागा यांनी बनलेला एक हक्क आहे, म्हणूनच त्यावरून तंटे होतात. नारळाची किंमत क्षुल्लक असते हे भांडणाऱ्या दोन्ही पक्षांना पुरते ठाऊक असते. प्रश्न तो आधी कोणाला मिळाला आणि ते कोणी पाहिले एवढाच असतो.

अब्रू आणि मान या दोन कल्पनांना कायद्याने दिलेली वागणूक विचार करण्यासारखी आहे. अब्रूला कायद्याचे संरक्षण आहे. 1860च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 499मध्ये अब्रूनुकसानीची व्याख्या होती आणि 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम 356मध्ये आली आहे. त्या व्याख्येतील एका स्पष्टीकरणाचा आशय असा की, एखाद्या आरोपामुळे माणूस इतरांच्या नजरेत उतरत नसेल, तर त्याच्या लौकिकाला धक्का लागला असे मानता येत नाही. म्हणजे ज्याची अब्रू, तिचे मोजमाप त्याच्याकडे नसून शेजाऱ्याच्या नजरेत आहे. नुसत्या मानासाठी मात्र दिवाणी न्यायालय दार उघडत नाही. देवळातील मान एखाद्या पदाचा अविभाज्य भाग असेल तर त्याचा विचार होऊ शकतो, पण केवळ मान मिळावा म्हणून दावा चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1961मध्ये स्पष्ट केले. मान गावाने द्यायचा असतो आणि गाव देत नसेल तर तो हुकूमनाम्याने वसूल होत नाही, हे न्यायालयाने ओळखले असावे.

गाव तो कोणाला देत होते याचे उत्तर जमिनीत सापडते. कोकणातील खोत हा गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वतनदार. कुळाकडून घ्यायचा भाताचा वाटा आणि सरकारात भरायची रक्कम यांतील फरक त्याचा, आणि त्याखेरीज कुळांनी फुकट राबायचे, ज्याला वेठ म्हणत. खोत ब्राह्मण असत, मराठा असत, मुसलमानही असत, पण खोताच्या ओटीच्या पायरीखाली उभे राहणाऱ्या कुळाला या फरकाने फारसा दिलासा मिळत नसे. मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि पुढच्या वर्षी कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आणला. प्रत्यक्ष कायदा 1949मध्ये झाला. त्याने खोताचा सारा काढून घेतला. खोताचा मान कसा काढून घ्यायचा हे कोणत्याही कलमात लिहिणे शक्य नव्हते.

त्या उरलेल्या मानाची गोष्ट मराठीत सर्वांत सखोलपणे दापोली तालुक्यातील मुर्डी येथे जन्मलेल्या श्री. ना. पेंडसे यांनी सांगितली आहे. ‘तुंबाडचे खोत’ (1987) ही द्विखंडात्मक कादंबरी जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांचा उत्कर्ष आणि ऱ्हास मांडते, आणि तिच्यात घराण्याचे नाव हे अनेकदा माणसांहून मोठे पात्र होऊन बसते. त्याच्या कितीतरी आधी, 1952मध्ये, ‘गारंबीचा बापू’ आली होती. बापू हा विठोबा या गरीब ब्राह्मणाचा मुलगा. गावाच्या उतरंडीत त्याला मान नाही, आणि राधा नावाच्या स्त्रीशी जडलेल्या संबंधामुळे अब्रूही राहत नाही. घालवण्यासारखे काही उरले नाही म्हणून तो मोकळा आहे, ही पेंडशांची खरी चाल. पुढे तो स्वतःच्या कर्तबगारीने उभा राहतो आणि ज्या गावाने त्याला नावे ठेवली, त्या गावाला त्याचे नाव घ्यावे लागते. पण बंडखोर बापूलाही अखेर गारंबीच हवी असते, परके शहर नव्हे. ज्यांनी नाकारले त्यांच्याचकडून मान्यता मिळवल्याशिवाय विजयाची चव लागत नाही, हे कादंबरी न बोलता दाखवते.

बापूला जे जमले ते बाईला जमण्याची वाट नव्हती. 1963चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळालेल्या पेंडशांच्याच ‘रथचक्र’मध्ये मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र कुटुंबातून बाहेर पडणाऱ्या नायिकेला लेखकाने नाव दिलेले नाही, ती केवळ ‘ती’ आहे. घराण्याची अब्रू तिने सांभाळायची, आणि त्या घराण्याच्या लौकिकात तिचे नाव मात्र नाही. लेखकाची ही एक निवड स्त्रीच्या अब्रूवरील अनेक व्याख्यानांपेक्षा अधिक सांगून जाते.

रत्नागिरीतच 23 जुलै 1856 रोजी जन्मलेल्या टिळकांच्या चरित्रात कायद्याची अब्रू आणि लोकांनी दिलेला मान उलट दिशांना गेले. कोल्हापूरच्या दिवाणांवरील लेखनामुळे 1882मध्ये आगरकर आणि टिळक अब्रूनुकसानीच्या खटल्यात दोषी ठरले आणि डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहिले. दुसऱ्याच्या अब्रूला धक्का लावल्याबद्दल शिक्षा भोगून बाहेर आलेल्या या दोघांचे स्वागत सत्पुरुषांसारखे झाले. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर टिळकांनी स्वतःच्या बदनामीबद्दल लंडनमध्ये भरलेला दावा 1919मध्ये ते हरले, पण भारतात त्यांचे नाव तसूभर कमी झाले नाही. ‘लोकमान्य’ ही पदवी कोणा सरकारची नव्हती, आणि तिच्यातच देणाऱ्याचे नाव आहे.

देणारा नसेल तर काय होते, हे रत्नागिरीने याच काळात पाहिले. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला 1885मध्ये पदच्युत करून पुढच्या वर्षी इंग्रजांनी येथे आणले. तीस वर्षे तो येथे राहिला, 1910मध्ये त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात राहायला गेला, आणि डिसेंबर 1916मध्ये येथेच वारला. वाडा राजाचा होता, तनखा सरकारी होता, पण त्याला राजा मानणारी प्रजा समुद्रापलीकडे राहिली होती.

खोती गेली, पुष्कळ घरांची शेतीही पडीक झाली आणि माणसे मुंबईला गेली. तरी फाल्गुनात रजा मिळवून चाकरमानी गावी उतरतो. शहरात त्याला चाळीतला शेजारीसुद्धा आडनावाने ओळखत असेलच असे नाही. पण पालखी सहाणेवरून, म्हणजे ती टेकवण्याच्या जागेवरून, उठताना त्याच्या घराण्याचे नाव पुकारले जाते, आणि तो खांदा पुढे करतो.