स्टॉकहोम : तळं आणि समुद्र यांच्या उंबरठ्यावरची राजधानी

बाल्टिक समुद्रातल्या क्रूझवर स्टॉकहोमच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. त्या दिवशी पहाटेच डेकवर जाऊन उभं राहावं. बंदर येण्याआधी कितीतरी वेळ जहाज बेटांच्या दाटीतून वाट काढत असतं. पाइनची झाडी, ग्रॅनाइटचे गुळगुळीत खडक, लाल रंगाची लाकडी घरं आणि घरांपुढचे छोटे धक्के. लहानमोठी मिळून सुमारे ३०,००० बेटं या किनाऱ्याला आहेत. शहराची ओळख इथूनच सुरू होते, म्हणून न्याहारी थोडी मागे पडली तरी चालेल.

खुद्द स्टॉकहोम १४ बेटांवर वसलं आहे. पश्चिमेला मेलारेन हे गोड्या पाण्याचं अफाट तळं, पूर्वेला बाल्टिक. दोहोंमधल्या चिंचोळ्या वाटेवर ज्याचा ताबा, त्याच्या हाती आतल्या मुलखाचा व्यापार. म्हणूनच तेराव्या शतकात इथे किल्ला उठला आणि त्याच्या आधारानं गाव वाढलं. ते जुनं गाव म्हणजे आजचं गामला स्तान. इथली मोर्टेन त्रोत्सिगची गल्ली एका जागी जेमतेम ९० सेंटिमीटर रुंद आहे. मुख्य चौकात आज लोक निवांत कॉफी पीत बसतात. तिथेच नोव्हेंबर १५२० मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा ख्रिश्चन याच्या हुकमानं ८० हून अधिक जणांची मुंडकी उडवली गेली. शेजारच्या स्तूरशिर्कान चर्चमध्ये संत जॉर्ज आणि ड्रॅगनचं १४८९ चं लाकडी शिल्प आहे. ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तरीही वेळ एकाच ठिकाणापुरता असेल, तर मी युरगोर्डन बेटावरचं वासा संग्रहालयच सुचवीन. १० ऑगस्ट १६२८ रोजी राजा गुस्ताव अडॉल्फची ‘वासा’ ही नवीकोरी, ६४ तोफांची युद्धनौका पहिल्या सफरीवर निघाली. जेमतेम १,३०० मीटर गेली असेल, तोच वाऱ्याच्या झोतानं कलली. तोफांची दारं उघडी होती. त्यांतून पाणी शिरलं आणि काठावरच्या गर्दीदेखत ती बुडाली. वरचा भार जास्त, तळाचं वजन अपुरं. त्याआधी तीस माणसांना डेकवर इकडून तिकडे पळवून तिची चाचणी घेतली होती. ती इतकी डोलू लागली, की चाचणीच थांबवावी लागली. तरी तिला समुद्रात सोडलं. चौकशी झाली, शिक्षा कुणालाच झाली नाही.

नौका टिकली ती पाण्याच्या गुणानं. बाल्टिकचं पाणी इतकं कमी खारट, की लाकूड पोखरणारे समुद्री किडे त्यात तग धरत नाहीत. आंदेर्स फ्रान्झेन यांनी १९५६ मध्ये तिचा ठाव लावला. पाणबुड्यांनी गाळात तिच्या पोटाखालून बोगदे खणले, त्यांतून दोर ओवले आणि २४ एप्रिल १९६१ रोजी ती पृष्ठभागावर आली. लाकूड सुकून तडकू नये म्हणून पुढे १७ वर्षं तिच्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे फवारे मारले गेले. संग्रहालयाच्या मंद उजेडात ६९ मीटर लांबीची ती काळसर नौका आणि तिच्यावरचे कोरीव सिंह समोर येतात, तेव्हा छायाचित्रांतून तिच्या आकाराची काहीच कल्पना आली नव्हती हे कळतं. प्रत्येक मजल्यावरून ती वेगळी दिसते, म्हणून निदान दोन तास हाताशी ठेवावेत.

परतताना युरगोर्डनहून स्लूसनची फेरीबोट घ्यावी. राजवाडा आणि जुन्या गावाची रांग पाण्यावरून नीट दिसते. जहाज स्तादसगोर्डनच्या धक्क्याला असेल तर तिथून चालत जाता येतं. काही मोठी जहाजं मात्र दक्षिणेला सुमारे ६० किलोमीटरवरच्या निनेसहाम्नला थांबतात. तिथून शहरात यायला लोकल गाडीनं तासभर लागतो, तेव्हा बेत आखताना जाऊन-येऊन तो वेळ धरावा.