बेचाळीस धावा आणि आमचा बचत गट

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची मीटिंग भाईंदरला माझ्या घरी झाली. एरवी चहा येईपर्यंत नुसतं हसणं-खिदळणं. त्या दिवशी सगळ्या गप्प. गटातून 18 हजारांचं कर्ज घेतलेली एक मैत्रीण गावी निघून गेली होती आणि चार हप्ते थकले होते. दोन जामीनदारांच्या सह्या घेतल्याशिवाय कर्ज द्यायचं नाही, हा ठराव आमचाच. पण तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं, घाई होती. अध्यक्ष म्हणून मीच म्हटलं, "सह्या नंतर घेऊ." त्या राहिल्या त्या राहिल्याच.

आदल्या रात्री माझं उत्तर तयार होतं. वही सचिवांकडे असते, त्यांनी आठवण करायला नको का? जेवताना सासऱ्यांना तसं म्हटलंसुद्धा. अप्पा क्रिकेटवेडे. म्हणाले, "सूनबाई, अजित वाडेकर आठवतात का तुला?" आणि मग त्यांची गाडी सुटली ती भात निवेपर्यंत!

स्टेट बँकेत नोकरी करणारा हा मुंबईकर 1971मध्ये कॅप्टन झाला, तोही निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतावर. वेस्ट इंडिजच्या दौऱ्यासाठी त्यांनी दिलीप सरदेसाईंचा आग्रह धरला. सरदेसाईंनी त्या मालिकेत 642 धावा केल्या. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत पहिला दिवस पावसात गेला. सामना चार दिवसांचा उरला की फॉलोऑनसाठी 150 धावांची आघाडी पुरते, हा नियम वाडेकरांना पाठ होता. आपली आघाडी होती 170. त्यांनी सोबर्सच्या संघाला फॉलोऑन दिला, तेव्हा समोरचे चकितच झाले. (मला स्वतःच्या गटाचे नियम पाठ असून काय उपयोग झाला, असं तिथेच मनात आलं.) ती मालिका जिंकली, पाठोपाठ इंग्लंडमध्येही जिंकलो. ओव्हलच्या शेवटच्या दिवशी स्वतः धावबाद झाल्यावर हे गृहस्थ ड्रेसिंग रूममध्ये चक्क झोपले! मागच्या फलंदाजांवर एवढा विश्वास.

आणि 1974? इंग्लंडमध्ये मालिका 0-3 अशी गेली. लॉर्ड्सला दुसऱ्या डावात सगळा संघ 42 धावांत बाद. विजयाच्या कौतुकाने इंदूरला उभारलेल्या सिमेंटच्या बॅटला लोकांनी काळं फासलं. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं गेलं आणि ते निवृत्त झाले. खेळले अकरा जण, काळं मात्र एकाच्या नावाला. मला काही हा न्याय वाटत नाही. पण 1971चे हारही त्याच गळ्यात पडले होते, हेही खरंच. अमेरिकेतला माझा भाचा सांगतो, तिकडे बेसबॉलमध्ये टीम हरू लागली की बहुतेक वेळा पहिली गदा मॅनेजरवर येते.

वाडेकर 1992मध्ये भारतीय संघाचे मॅनेजर होऊन परतले. 1994मध्ये ऑकलंडला सिद्धूची मान आखडली. सचिनने सलामीला जाण्यासाठी गळ घातली. वाडेकर आणि अझरुद्दीननी हो म्हटलं. 49 चेंडूंत 82 धावा! फसलं असतं तर लोकांनी आधी कोणाला धरलं असतं, ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी उभी राहिले. "चूक माझी. सचिवांची नाही." सचिवांनी वहीतून मान वर केली. कोपऱ्यातल्या काकू म्हणाल्या, "ते ठीक आहे गं, पण पैसे कोण भरणार?"

बरोबरच होतं त्यांचं. थकलेले चार हप्ते मी भरले. आमच्या ह्यांनी भुवया उंचावल्या, पण बोलले नाहीत. मैत्रिणीला दर रविवारी फोन करते. परवा तिचे 500 रुपये आले. काकू अजूनही माझ्याशी मोजकंच बोलतात. या महिन्यात कर्जाचा नवा अर्ज आला, तेव्हा वही सगळ्यात आधी त्यांनीच मागून घेतली.