हार्डवेअर सिंथेसायझरसाठी टचस्क्रीन मिडी नियंत्रकाची मांडणी : यामाहा डीएक्स७च्या संदर्भात

प्रस्तावना

हार्मोनियमचा भाता किंवा सतारीचा पडदा वादकाच्या हाताला लागतो. नाद कोठे व कसा बदलतो हे त्याला स्पर्शाने कळते. सिंथेसायझरमध्ये मात्र ध्वनी घडविणारा प्रत्येक घटक हे एक प्राचल असते आणि त्या प्राचलापर्यंत हात पोहोचतो की नाही, हे वाद्याच्या दर्शनी पट्टीवर अवलंबून असते. १९७०चा मिनीमूग किंवा १९७८चा प्रॉफेट-५ या वाद्यांत जवळजवळ प्रत्येक प्राचलासाठी स्वतंत्र नॉब अथवा स्विच होता. १९८३ साली आलेल्या यामाहा डीएक्स७ने ही प्रथा मोडली. या वाद्यात दीडशेच्या आसपास प्राचले आहेत. पण ती बदलण्यासाठी सपाट पटलबटणे, एक सरकपट्टी आणि सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखविणारा छोटा पडदा एवढीच साधने आहेत. बटण दाबून एक प्राचल निवडावयाचे, त्याचे मूल्य बदलावयाचे आणि मग दुसऱ्याकडे वळावयाचे, असा हा क्रम आहे. एका वेळी एकच संख्या दिसत असल्याने ध्वनी घडविण्यापेक्षा कारखान्यातून आलेले तयार ध्वनी वापरणे अनेकांना सोयीचे वाटले.

अशा वाद्याला बाहेरून टचस्क्रीन जोडून त्याची प्राचले हाताशी आणता येतात. त्यासाठीची मांडणी कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. ही मांडणी म्हणजे वाद्याच्या दर्शनी पट्टीचे चित्र नसून वाद्याच्या अंतर्रचनेचे वाचन होय, आणि हे वाचन सॉफ्टवेअरपासून स्वतंत्रपणे नोंदविले गेले पाहिजे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

१. मिडी संदेशाचे स्वरूप

सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने १९८३ साली मिडी हे सामाईक मानक अस्तित्वात आले. मिडीमधून ध्वनी जात नाही. ध्वनीविषयीच्या सूचना जातात. त्यांपैकी नियंत्रण-बदलाचा संदेश तीन बाइटांचा असतो. पहिले बाइट संदेशाचा प्रकार व वाहिनी, दुसरे नियंत्रकाचा क्रमांक आणि तिसरे ० ते १२७ या दरम्यानचे मूल्य सांगते. उदाहरणार्थ, क्रमांक ७ आवाजाची पातळी दर्शवितो, तर क्रमांक ६४ सस्टेन पेडल.

या पद्धतीत क्रमांक मोजकेच असल्याने प्रत्येक निर्मात्याला स्वतःच्या वाद्यापुरती वेगळी भाषा वापरण्याची मुभा मानकाने दिली आहे. तिला सिस्टिम एक्सक्लुझिव्ह संदेश म्हणतात. २४० या बाइटाने हा संदेश सुरू होतो, त्यानंतर निर्मात्याचा क्रमांक व मजकूर येतो आणि २४७ने तो संपतो. डीएक्स७ची ध्वनी-प्राचले याच मार्गाने बदलावी लागतात.

२. डीएक्स७च्या प्राचलांचा नकाशा

डीएक्स७मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांनी विकसित केलेली फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन ही संश्लेषण-पद्धती वापरली आहे. तिच्यात सहा ऑपरेटर असतात. जो ऑपरेटर थेट ऐकू येतो तो वाहक. जो दुसऱ्या ऑपरेटरची तरंगाकृती बदलतो तो मॉड्युलेटर. वाहकाची पातळी वाढविली की आवाज मोठा होतो. मॉड्युलेटरची पातळी वाढविली की नादगुण अधिक उजळ होतो. कोणता ऑपरेटर कोणती भूमिका बजावील हे ३२ अल्गोरिदमांपैकी निवडलेल्या अल्गोरिदमवर ठरते.

प्रत्येक ऑपरेटरची २१ प्राचले आहेत आणि क्रमांकन सहाव्या ऑपरेटरपासून उलट दिशेने सुरू होते. त्यामुळे ऑपरेटर ६ ते १ यांच्या पातळ्यांचे क्रमांक अनुक्रमे १६, ३७, ५८, ७९, १०० व १२१ असे येतात. पहिल्या वाहिनीवर ऑपरेटर १ची पातळी कमाल, म्हणजे ९९, करावयाची असल्यास पुढील सात बाइट पाठवावी लागतात : २४०, ६७, १६, ०, १२१, ९९, २४७. येथे ६७ हा यामाहाचा क्रमांक होय. प्राचल-क्रमांक १२७च्या पुढे गेला की चौथे बाइट १ होते व उरलेली संख्या पाचव्या बाइटात येते. म्हणून अल्गोरिदमसाठी, म्हणजे प्राचल १३४साठी, चौथे व पाचवे बाइट १ व ६ असे होतात. तसेच वाद्यावर ‘सिस इन्फो अव्हेल’ ही सोय चालू ठेवावी लागते.

३. मांडणीची तत्त्वे

नियंत्रकाचा प्रकार मूल्यांच्या कक्षेवरून ठरवावा. टचस्क्रीनवरील फेडर सामान्यतः ० ते १२७ अशी मूल्ये पाठवितो. डीएक्स७वर पातळीची कक्षा ० ते ९९, फीडबॅकची ० ते ७, तर सूक्ष्म तारतेची ० ते १४ असून तिचा मध्यबिंदू ७ आहे. कक्षा जुळविली नाही, तर फेडरचा वरचा भाग निरर्थक मूल्ये पाठवीत राहतो. अल्गोरिदम ही मोजपट्टी नसून निवड आहे. तेव्हा तिच्यासाठी फेडर न देता ३२ चौकटींची जाळी द्यावी.

नियंत्रकांचे गट क्रमांकानुसार न करता कार्यानुसार करावेत. ‘ई. पियानो १’ हा डीएक्स७चा सुपरिचित ध्वनी पाचव्या अल्गोरिदमवर आधारलेला आहे. त्यात २ हा १ला, ४ हा ३ला आणि ६ हा ५ला बदलतो; म्हणजेच तीन स्वतंत्र जोड्या होतात. अशा वेळी १, ३, ५ यांचे फेडर ‘आवाज’ या ओळीत व २, ४, ६ यांचे ‘उजळपणा’ या ओळीत ठेवले, तर वादकाला ध्वनीची घडण नजरेने वाचता येते. मात्र बत्तिसाव्या अल्गोरिदममध्ये सहाही ऑपरेटर वाहक असतात आणि तेथे ‘उजळपणा’ हे नाव खोटे ठरते. म्हणून अल्गोरिदम बदलताच फेडरचे रंग व नावे बदलतील अशी योजना हवी. टचओएससीसारख्या सॉफ्टवेअरच्या २०२१च्या आवृत्तीपासून लुआ भाषेतील छोट्या आज्ञावलींनी हे साधता येते.

काचेला चढउतार नसतात, ही टचस्क्रीनची उणीव मान्य करूनच रचना करावी. बोटाखाली झाकले जाणारे मूल्य फेडरच्या वर लिहावे. बोट ठेवताच मूल्याने उडी घेऊ नये यासाठी बोटाच्या सापेक्ष हालचालीवर चालणारे फेडर वापरावेत. वादनाच्या ओघात लागणारी आठ-दहा प्राचलेच पहिल्या पानावर ठेवून उरलेली मागील पानांवर न्यावीत. दीडशे फेडर एकाच पानावर मांडले, तर मूळ अडचण केवळ रूप बदलून परत येते.

४. संदेशवहनाच्या मर्यादा

मिडीच्या पाच पिनांच्या जोडणीतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. आरंभ व समाप्तीचे बिट धरून एका बाइटाला १० बिट लागत असल्याने ही गती सेकंदाला ३,१२५ बाइट इतकी होते. सात बाइटांच्या एका संदेशाला सुमारे २.२४ मिलिसेकंद लागतात. सहा बोटांनी सहा फेडर एकाच वेळी हलविले आणि प्रत्येक फेडरने सेकंदाला ६० संदेश पाठविले, तर २,५२० बाइट खर्ची पडतात. म्हणजे वाहिनीची सुमारे ८१ टक्के क्षमता संपते. स्वरांच्या सूचनाही त्याच तारेतून येत असतील, तर त्यांना विलंब होणे अटळ आहे. म्हणून बदल न झालेले मूल्य पुन्हा पाठवू नये आणि संदेशांची वारंवारता मर्यादित ठेवावी.

दुसरा प्रश्न पडदा व वाद्य यांच्यातील विसंगतीचा आहे. वाद्यावर नवा ध्वनी निवडला तरी पडद्यावर जुनीच मूल्ये दिसत राहतात. वर उल्लेखिलेली सोय चालू असल्यास ध्वनी निवडताच डीएक्स७ स्वतःहून १६३ बाइटांचा संदेश पाठवितो. त्यातील पहिली सहा बाइट ओळखीची असतात, त्यानंतरची १५५ बाइट प्राचल-क्रमांकांच्याच क्रमाने येतात. ती वाचून सर्व फेडर योग्य जागी आणले, तरच मांडणी विश्वसनीय ठरते.

५. मांडणीचे आयुष्य

बहुस्पर्शी नियंत्रकांच्या इतिहासात फ्रान्समधील जाझम्युटंट कंपनीच्या लेमर या उपकरणाला मोठे महत्त्व आहे. २००५च्या सुमारास बाजारात आलेल्या या उपकरणाचे उत्पादन २०१० साली थांबले. २०११ साली लीन या कंपनीने ते आयपॅडवर सॉफ्टवेअररूपात आणले. २०२२ साली तेही विक्रीतून काढून घेण्यात आले. पुढे दुसऱ्या कंपनीने त्याचे पुनरुज्जीवन केले. परंतु मधल्या काळात ज्यांच्या मांडण्या केवळ त्या सॉफ्टवेअरच्या फायलींत होत्या, त्यांचे श्रम टांगणीला लागले. याउलट १९८३च्या डीएक्स७ला तेच सात बाइट आजही कळतात. वाद्य टिकले, त्याची भाषा टिकली. मधला दुभाषा मात्र बदलत राहिला.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :

१. मांडणीचा आरंभ पडद्यापासून न होता वाद्याच्या मिडी तपशीलपत्रकापासून व्हावा.

२. नियंत्रकांचे गट ध्वनिनिर्मितीतील कार्यावरून करावेत आणि कार्य बदलताच त्यांची नावेही बदलावीत.

३. संदेशवहनाची क्षमता व वाद्याकडून परत येणारी माहिती यांचा विचार रचनेच्या आरंभीच करावा.

४. प्राचलाचे नाव, क्रमांक, कक्षा, पाठवावयाची बाइट आणि गटाचे कारण यांचा तक्ता साध्या मजकुराच्या स्वरूपात स्वतंत्रपणे जतन करावा.

यांपैकी चौथी बाब सर्वांत कमी कष्टाची आहे आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. हा तक्ता हाताशी असला, तर नव्या सॉफ्टवेअरवर मांडणी पुन्हा उभी करणे हे काही तासांचे काम ठरते. तो नसला, तर वाद्य समोर असूनही त्याच्याशी बोलणे पुन्हा मुळापासून शिकावे लागते.