वाढते वय आणि मानवी आतड्यातील प्रतिरक्षा पेशी

प्रस्तावना :
मानवी शरीरातील प्रतिरक्षा पेशींचा फार मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो. अन्नघटक व सहजीवी सूक्ष्मजीव यांना सहन करणे आणि रोगजंतूंना रोखणे, असे दुहेरी कार्य या पेशींना जन्मभर करावे लागते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. त्यामुळे वार्धक्यात या पेशींमध्ये कोणते बदल होतात, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

रचना व कार्य :
लहान आतड्याच्या अस्तरातील लसिकाभ ऊतींच्या पुंजक्यांचे वर्णन स्विस शरीररचनाशास्त्रज्ञ योहान कोनराड पायर यांनी १६७७ मध्ये केले. म्हणून त्यांना ‘पायर पुंज’ म्हणतात. या पुंजांवरील एम पेशी आतड्याच्या पोकळीतील प्रतिजन आत घेतात. तेथे टी व बी पेशी सक्रिय होतात आणि बी पेशींपासून बनलेल्या प्लाझ्मा पेशी ‘आयजीए’ हे प्रतिपिंड स्रवतात.

वयानुसार होणारे बदल :
पायर पुंजांची संख्या पौगंडावस्थेपर्यंत वाढते व पुढे घटत जाते. अर्भकाच्या आतड्यात अननुभवी व नियामक टी पेशींचे प्रमाण अधिक असते. प्रतिजनांशी संपर्क येत जातो तसतशा स्मृतिपेशी तेथे स्थिरावतात. कोलंबिया विद्यापीठातील डोना फार्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवयवदात्यांच्या ऊतींचा अभ्यास करून २०१४ मध्ये असे दाखविले की, आतड्यातील टी पेशींमध्ये स्मृतिपेशींचे प्राबल्य प्रौढ वयातही दीर्घकाळ टिकून राहते. याउलट, थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसत असल्याने नव्या टी पेशींची निर्मिती मंदावते. म्हणजेच जुनी स्मृती टिकते. परंतु अपरिचित रोगजंतूला प्रतिसाद देण्याची क्षमता क्षीण होते.

आयजीएबाबत सावध राहणे आवश्यक आहे. वृद्ध उंदरांमध्ये या प्रतिपिंडाचा प्रतिसाद घटतो, म्हणून माणसातही त्याचे एकूण प्रमाण घटतेच, असे म्हणता येत नाही. प्रतिपिंडांचे प्रमाण आणि त्यांची परिणामकारकता या दोन भिन्न बाबी होत.

वार्धक्यात शरीरभर सौम्य स्वरूपाचा दीर्घकालीन दाह आढळतो. इटालियन संशोधक क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० मध्ये ही संकल्पना मांडली. आतड्यातील सूक्ष्मजीवसृष्टीत व अस्तराच्या अभेद्यतेत होणारे बदल हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

व्यावहारिक महत्त्व :
प्रतिजैविकांमुळे सहजीवी जीवाणू नष्ट झाल्यास ‘क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल’ या जीवाणूचा संसर्ग होऊ शकतो. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना त्याचा धोका विशेष असतो. शिवाय वृद्धांना तहानेची जाणीव कमी होत असल्याने अतिसारात निर्जलीकरण लवकर गंभीर रूप धारण करते. म्हणून वैद्यकीय सल्ल्याविना प्रतिजैविके घेणे टाळावे आणि जलसंजीवनी वेळेवर द्यावी.

निष्कर्ष :
आतड्यातील प्रतिरक्षा वयाबरोबर सरसकट लोप पावत नाही, तिचे स्वरूप पालटते. वृद्धांच्या आजारांकडे ‘वयोमानाचा भाग’ म्हणून दुर्लक्ष न करण्यास हे एक सबळ कारण आहे.